सम कुठंय, मावशी?

गेल्या सहा आठवड्यांत माझ्या हातून दोनदा दूध उतू गेलंय, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या कितीदा राहिल्या त्याचा हिशेब नाही, आणि परवा सिग्नल हिरवा झाला तरी मी स्कूटरवर तशीच बसून अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होते. तीन, तीन, चार, तीन, तीन. मागचा रिक्षावाला जे बोलला ते छापण्यासारखं नाही. पण त्याला काय सांगणार? 'दादा, थांबा जरा, एका इंग्रजी गाण्याची सम सापडतेय'?

मी त्रेपन्न वर्षांची आहे. नवं वेड लागायचं हे वय नव्हे, असं माझ्या बहिणीचं म्हणणं. वेड लावलं ते तिच्याच मुलानं, त्यामुळं तिला बोलायला फारशी जागा नाही.

तर झालं असं. भाचा हिंजवडीत नोकरीला लागला आणि खोली मिळेपर्यंत म्हणून माझ्याकडं राहायला आला. त्या 'खोली मिळेपर्यंत'ला आता सव्वा वर्ष होईल. दर शनिवारी त्याची चार-पाच मित्रमंडळी जमतात. काळे टी-शर्ट घालून येतात, चपला दारात नीट काढतात, पोहे दिले तर पोहे खातात आणि मग रात्री एकपर्यंत भांडतात. पहिले काही महिने मला वाटायचं, क्रिकेटवरून भांडत असतील. एकदा नीट कान दिला, तर विषय निघाला भलताच: १९९७ साली इंग्लंडात कुठल्याशा चिखलात झालेला एक कार्यक्रम खरोखर चांगला होता, की नुसता गाजला? यांच्यातले निम्मे त्या साली जन्मलेलेही नव्हते!

त्या शनिवारी पाऊस होता. मी स्वयंपाकघरात साबुदाणा भिजवत होते. बाहेर आवाज चढले. 'चार-चारच आहे रे!' 'नाहीये! मोजून दाखव!' आणि मग भाचा दारात उभा.

'मावशी, तू तबल्यात विशारद आहेस ना? ये जरा. यात सम कुठंय सांग.'

गाणं होतं 'पिरॅमिड साँग'. बँड रेडिओहेड, अल्बम 'ॲम्नेझियाक', साल २००१. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त पियानो ऐकू आला. एकामागून एक जड, भरदार सूर, आणि त्यांच्यातलं अंतर एकसारखं नाही, पण वेडंवाकडंही नाही. अंधारात जिना उतरताना प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची निघावी, तसं. पाय टाकावा तर पायरी चार बोटं खाली. पुन्हा टाकावा तर आधीच आलेली.

आम्हाला गुरुजींनी पहिली गोष्ट शिकवली ती ही: गाणं सुरू झालं की मान हलवायची नाही, आधी गुमान सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधायची. मी शोधायला लागले. सापडेना! इतकी वर्षं तबल्यावर हात घासला, आणि एका पियानोपुढं मी परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी कावरीबावरी. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. भाच्याची इज्जत पणाला लागलेली. वरून तो गाणारा माणूस, टॉम यॉर्क, सूर असा लांबवतोय की त्याच्या गाण्यावरून मात्रेचा पत्ता लागावा ही आशाच सोडा. आणि दोनेक मिनिटांनी ड्रम आले. आले म्हणजे कसे? ते पहिल्यापासून शेजारच्या खोलीत वाजतच होते आणि कुणीतरी आत्ता फक्त दार उघडलं, असे.

मी ओरडले, 'सोळा!'

तीन-तीन-चार-तीन-तीन. बेरीज करून बघा. सोळा! त्रितालाच्याच सोळा मात्रा. पण त्रितालात चार-चारच्या चार सरळ खोल्या असतात, आणि इथं रातोरात कुणीतरी भिंती सरकवलेल्या. शिवाय ते आकडे उलटे म्हणा, तेच येतात! मी पाटावर बोटं आपटत ते दाखवलं. एक क्षण सगळे गप्प, आणि मग जो गलका झाला तो मी नुसता ऐकत राहिले. चष्मेवाली पोरगी म्हणाली, 'म्हणजे चार-चारच झालं ना शेवटी?' दाढीवाला म्हणाला, 'छे, मावशी म्हणतायत ते वेगळं आहे.' मी म्हटलं, तुम्ही दोघंही बरोबर आहात, हिशेब चारचा आहे आणि चाल चारची नाही. त्यावर आणखी एकानं तेच गाणं यॉर्कनं १९९९ साली ॲमस्टरडॅमला एकट्यानं पियानोवर कसं म्हटलं होतं ते लावलं. तेव्हा त्याचं नावही वेगळं होतं आणि ड्रमही नव्हते. ड्रम नसताना या पोरांसारख्यांनी सम कुठं धरली असेल, यावर पुढचा तास गेला.

साबुदाणा रविवारी टाकून द्यावा लागला.

आता मी कुठून आले ते सांगते, म्हणजे हे वेड साधंसुधं नाही ते कळेल. मी मिरजेची. आमच्या गावात सतारी बनतात. आमच्या गावच्या दर्ग्यात उरुसाला, जिथं अब्दुल करीम खाँसाहेब गायचे त्या चिंचेखाली, रात्र-रात्र गाणं चालतं. लहानपणी आईच्या मांडीवर झोपायचं आणि उठल्यावर बघायचं, गवई बदललाय पण ऐकणारी माणसं तीच आहेत. पुढं पुण्यात आल्यावर रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सव ऐकला. थंडीत शाल, थर्मास, शेजारी कुणीतरी अनोळखी काका 'वा!' कुठं म्हणायचं हे आपल्याला शिकवणार. गाणं म्हणजे एवढंच जग. रॉक म्हणजे माझ्या लेखी मांडवातल्या स्पीकरांच्या भिंती आणि पोरांचे केस. त्यात पुन्हा 'अल्टरनेटिव्ह' रॉक. हे म्हणजे काय, भाच्याला विचारलं. तो म्हणाला, 'जे रॉकच्या नेहमीच्या रस्त्यानं जात नाही ते.' मी म्हटलं, मग ते ज्याला कळतं त्यालाच कळतं असंच ना? आमच्याकडं अशांना दर्दी म्हणतात.

पण मी पुरती घसरले ती तालामुळं नाही. कॅसेटींमुळं.

आमच्या घरी एक लाकडी कपाट होतं आणि त्यात वडिलांच्या कॅसेटी. दुकानात मिळणाऱ्या नव्हेत, खासगी बैठकींच्या. कुणीतरी मांडीखाली टेपरेकॉर्डर ठेवून केलेल्या. गवयाच्या आलापात मध्येच कुणाचा तरी खोकला, कपबश्यांचा आवाज, बाजू संपल्यावर तान तुटलेली. त्या खोकल्यासकट ती मैफल आम्हाला पाठ होती. अजूनही तो राग दुसऱ्या कुणी गायला की त्या जागी माझं मन खोकल्याची वाट बघतं! वडिलांचे एक स्नेही होते, त्यांच्याकडं अशा एका बैठकीची कॅसेट होती जी मिरज-सांगलीत दुसऱ्या कुणाकडं नव्हती. कुणी मागितली की ते चष्म्यावरून बघायचे आणि एकच प्रश्न विचारायचे: 'बदल्यात काय देतोस?'

आणि इथं, माझ्या कोथरूडच्या हॉलमध्ये, लॅपटॉप मांडीवर घेतलेली पोरं हुबेहूब तेच करत होती! यांच्याकडं रेडिओहेडचे अल्बम तर आहेतच. पण यांचा जीव आहे तो कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांत, कुणीतरी गर्दीत उभं राहून केलेल्या. अशा ध्वनिमुद्रणांना 'बूटलेग' म्हणतात. कुठल्या गावचा, कुठल्या रात्रीचा, कुणी कुठं उभं राहून केला, आवाज कुठल्या बाजूनं जास्त येतो, सगळं तोंडपाठ. एका बूटलेगमध्ये एक बाई शेजाऱ्याशी सतत बोलतेय. या पोरांनी तिला नाव ठेवलंय. ती बोलायची थांबते तिथं यांना भरून येतं.

आणि त्यांनी मला 'ट्रू लव्ह वेट्स'ची गोष्ट सांगितली. ऐका. हे गाणं बँडनं पहिल्यांदा म्हटलं ५ डिसेंबर १९९५ ला, ब्रसेल्समध्ये. लोकांनी डोक्यावर घेतलं. आणि अल्बममध्ये? नाही. पुढच्या अल्बममध्ये? नाही. त्यापुढच्या? नाहीच! स्टुडिओत पुन्हा पुन्हा करून बघायचे आणि मनासारखं होईना म्हणून सोडून द्यायचे. २००१ साली कार्यक्रमांच्या एका संग्रहात आलं, ते नुसत्या गिटारवर. आणि स्टुडिओतलं गाणं आलं कधी? २०१६ साली, 'अ मून शेप्ड पूल'च्या अगदी शेवटी. एकवीस वर्षांनी! गिटार गेलेली, नुसता पियानो, आणि तोही असा की दोन-तीन पियानो एकमेकांपासून हळूहळू सुटत चाललेत.

मी ब्रसेल्सचं आणि हे, दोन्ही एकापाठोपाठ ऐकली. शब्द मला निम्मे कळले नाहीत, माझं इंग्रजी बँकेच्या पत्रांपुरतं. पण सत्तावीस वर्षांच्या पोराचा आवाज आणि सत्तेचाळीसच्या माणसाचा आवाज यांतला फरक कळायला भाषा लागत नाही हो. पहिल्यात तो मागतोय. दुसऱ्यात मागून झालंय. एकच बंदिश एखाद्या गवयानं उमेदीत गायलेली आणि उतारवयात गायलेली आपण शेजारी-शेजारी लावून ऐकतो, 'बघ, आता इथं तो थांबतो, तेव्हा थांबत नव्हता' असं म्हणतो, तेच हे! मला वाटायचं, या लोकांचं गाणं म्हणजे एकदा तबकडीवर छापलं की संपलं, मग जन्मभर तसंच्या तसं वाजवत फिरायचं. आणि इथं ऐकणारी माणसं वीस-वीस वर्षं एका गाण्याला मोठं होताना बघत बसलीयेत. नुसतं हेच नाही. 'न्यूड' नावाचं गाणं नव्वदच्या दशकात मैफिलीत ऐकवलेलं, ते अल्बममध्ये यायला २००७ उजाडलं. 'लिफ्ट' १९९६ च्या दौऱ्यात लोकांना वेड लावून गेलं आणि २०१७ पर्यंत डब्यात! एवढ्या काळात माणसं लग्नं करून, पोरं शाळेत घालून बसली असतील, आणि मनात एक कोपरा त्या गाण्यासाठी तसाच रिकामा ठेवलेला.

मला त्या रात्री झोप आली नाही.

आता त्या १९९७ च्या चिखलाबद्दल. ग्लास्टनबरी नावाच्या गावाजवळ शेतात जवळजवळ दरवर्षी मोठा महोत्सव होतो, त्याचं ते साल पावसाचं. रेडिओहेडचा 'ओके कंप्यूटर' नुकताच आलेला. शनिवारची रात्र, हजारो माणसं गुडघाभर चिखलात, आणि मंचावर गायकासमोरचे मॉनिटर बंद पडले. म्हणजे त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. त्यातून दिव्यांचा झोत सरळ डोळ्यांवर, त्यामुळं समोर कोण आहे तेही दिसेना. आंधळा आणि बहिरा होऊन गायचं! शेवटी त्यानं प्रकाशवाल्याला सांगितलं, झोत लोकांवर टाक. तो टाकला, आणि तेव्हा त्याला कळलं की समोर केवढा समुद्र पसरलाय. मी ते ऐकलंय. आमच्या टोळीत यावर दोन पक्ष. एकाचं म्हणणं, आवाज त्या दिवशी कर्कश होता, गाजला तो प्रसंग. दुसऱ्याचं म्हणणं, त्या चिडीमुळंच गाणं असं झालं. मी दुसऱ्या पक्षाची. तानपुरा मनासारखा लागेना म्हणून वैतागलेला गवई पुढं पेटून गातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. (भाचा पहिल्या पक्षाचा. त्याला दोन दिवस चहा थोडा कमी साखरेचा मिळाला.)

याच्या उलट गंमत २००१ ची. ७ जुलै, त्यांचं स्वतःचं गाव ऑक्सफर्ड, साउथ पार्कचं मैदान, पुन्हा पाऊस. 'क्रीप' हे त्यांचं १९९२ चं गाणं, ज्यानं नाव झालं आणि ज्याचा पुढं बँडलाच इतका कंटाळा आला की वर्षानुवर्षं ते वाजवायलाच तयार नव्हते. आपल्याकडं नाही का, एखाद्या मोठ्या गायिकेला जन्मभर त्याच एका नाट्यगीताच्या चिठ्ठ्या येतात! तर त्या रात्री शेवटचं गाणं वेगळंच ठरलेलं, पण ऐन वेळी की-बोर्ड बंद पडला. मग आता काय? तर 'क्रीप'. वाद्य बिघडलं म्हणून लोकांना ते मिळालं. आमची चष्मेवाली म्हणते, हा इतिहासातला सगळ्यात चांगला बिघाड.

बँडमधली पाचही माणसं अजून तीच आहेत, हे तर मी सांगायलाच विसरले! १९८५ मध्ये ॲबिंग्डनच्या शाळेत जमलेले पाच विद्यार्थी. शुक्रवारी तालीम करायचे म्हणून नाव 'ऑन अ फ्रायडे'. १९९१ मध्ये कंपनीशी करार झाल्यावर नाव बदललं. माणसं बदलली नाहीत. चाळीस वर्षं एकाच खोलीत पाच जण टिकायचे म्हणजे, आमच्या सोसायटीची कमिटी पाच महिने टिकत नाही.

आणि त्यातला तो जॉनी ग्रीनवुड. कपाळावर केस, मान खाली, गिटार अशी छेडतो की तिचा काहीतरी अपराध झालाय. पण मला तो आवडला त्याच्या दुसऱ्याच वाद्यामुळं. ओंद मार्तेनो. १९२८ सालचं फ्रेंच विजेचं वाद्य, आवाज निम्मा बाईचा आणि निम्मा वाऱ्याचा. त्यात बोटात एक अंगठी घालतात, ती तारेला जोडलेली, आणि ती सरकवली की सूर एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जातो. मींड! चक्क मींड! मी हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, 'मग तू जुनून ऐकच.' २०१५ मध्ये हाच जॉनी जोधपूरला येऊन मेहरानगडाच्या किल्ल्यात 'जुनून' हा अल्बम करत होता. शाय बेन त्सूर नावाचा संगीतकार, राजस्थानचे कव्वाल, नगारे, लग्नाच्या वरातीतला वाटावा असा ब्रास बँड, आणि हा मागं कुठंतरी गिटार घेऊन, स्वतःचं घोडं पुढं न दामटता. पॉल थॉमस अँडरसननं त्याच्यावर चित्रपटही केलाय, त्यात वीज जाते आणि कबुतरं आत येतात. आपलीच वाटतात ती कबुतरं.

सगळंच आवडलं असं मात्र नाही. 'द किंग ऑफ लिम्ब्ज' मला कंटाळवाणा वाटला, टोळीनं मला त्याबद्दल माफ केलेलं नाही. काही गाण्यांत माणूस रडतोय की जांभई देतोय ते समजत नाही. आणि यांच्यात उपज, म्हणजे आयत्या वेळचं सुचणं, नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. रोज थोडं वेगळं वाजवणं म्हणजे उपज नव्हे बाळांनो. गाणं रात्रीत नाही बदलत यांचं, वर्षांत बदलतं. पण मग असाही विचार आला की आपल्याकडं तरी रोज उपज होते का? किती मैफिली मी पाहिल्यात जिथं 'सुचलेली' तान मागच्या डिसेंबरात जशीच्या तशी सुचली होती.

ताल मात्र! 'फिफ्टीन स्टेप' पाच मात्रांचं. मी त्यावर झपतालाचा अर्धा तुकडा वाजवून बघितला. बसला, पण नव्या जावयासारखा, अवघडून. 'टू प्लस टू इज इक्वल टू फाइव्ह' या गाण्यात नावात पाच आहेत आणि सुरुवातीची चाल सातची! रूपक लावा, चालतंय. आणि 'व्हिडिओटेप'... याच्याबद्दल मला कुणीतरी एक अख्खा दिवाळी अंक द्यावा.

'व्हिडिओटेप' हे 'इन रेनबोज'चं शेवटचं गाणं. हा तोच अल्बम जो त्यांनी १० ऑक्टोबर २००७ ला दिला आणि किंमत ऐकणाऱ्यावर सोडली, शून्य लिहिलं तरी चालेल म्हणून. तर हे गाणं ऐकायला अगदी साधं. पियानोचे चार आघात, पुन्हा चार, पुन्हा चार. मूलही मोजेल. टोळीनं ते लावलं आणि सगळे कुत्सित हसत माझ्याकडं बघायला लागले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी टाळी धरली. पियानोच्या प्रत्येक आघातावर टाळी. 'चुकलं,' दाढीवाला म्हणाला. चुकलं? माझं?

चुकलं होतं. तो आघात मात्रेवर नाहीच! मात्रेच्या अर्धी मात्रा आधी आहे. खरी मात्रा पियानोनंतर येते, आणि ती कुणीच वाजवत नाही. सगळं गाणं अनागत! आपल्याकडं तबलजी एखादा तुकडा समेच्या जरासा आधी आणून सोडतो आणि ऐकणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकवतो, पण तो हे एकदा करतो आणि दाद घेऊन मोकळा होतो. इथं चार-पाच मिनिटं खरी सम लपवून ठेवलेली, आणि दाद मागायचीच नाही, कुणाला कळलं तर कळलं! मी ते दहा वेळा ऐकलं. दहा वेळा माझा पाय पियानोबरोबर गेला. मग त्यांनी मला २००६ चा, बोनारू महोत्सवातला व्हिडिओटेप ऐकवला. अल्बम यायच्या आधीचा. त्यात ड्रम हळूहळू भरत जातात आणि गाणं वाढत वाढत अंगावर येतं. यांच्यातल्या तिघांना तोच खरा वाटतो, अल्बममधला म्हणजे वाळवलेला. मी अल्बमवाली. समोरच्याला सम दाखवून टाकली की मग मजा काय राहिली?

भांडणं गोड असतात असं नाही हं. २०१७ मध्ये बँडनं तेल अवीवला कार्यक्रम केला, तो करावा की करू नये यावरून आमच्या हॉलमध्ये एका रात्री खरोखर आवाज चढले, एक जण पोहे न खाता गेला. पुढच्या शनिवारी आला. पण त्या दिवसापासून ते दोघं शेजारी बसत नाहीत.

टोळीतल्या फक्त एकानं रेडिओहेडला प्रत्यक्ष ऐकलंय. तो आता जर्मनीत असतो. २०२५ च्या डिसेंबरात बर्लिनला बँडचे कार्यक्रम झाले, सात वर्षांच्या खंडानंतरच्या दौऱ्यातले. व्हिडिओ कॉलवर त्याला या पोरांनी असं काही उलटतपासलं की वकिलानं काय उलटतपासावं. मंच सभागृहाच्या मधोमध, चहूबाजूंनी माणसं, भोवती पडदे. आणि सेटलिस्ट रोज वेगळी! आज काय म्हणतील ते कुणालाच माहीत नाही. 'तुझ्या रात्री कुठलं नाही वाजवलं?' हा पहिला प्रश्न. काय वाजवलं हा दुसरा. मला हसूच फुटलं. सवाईहून परतलेल्याला आमच्या गल्लीत हेच विचारायचे: 'काय, भैरवी म्हटली की नाही?'

या लोकांची अजून एक गोष्ट मला फार आवडली. २३ ऑगस्ट २००९ ला प्रागमध्ये कार्यक्रम होता. तिथं पन्नासेक चाहते ठरवून, छोटे छोटे कॅमेरे घेऊन, वेगवेगळ्या जागी उभे राहिले आणि त्यांनी सगळा कार्यक्रम टिपला. मग ते तुकडे जोडून चित्रपट केला. बँडला कळल्यावर त्यांनी काय करावं? नोटीस? नाही, त्यांनी आपलं मूळ ध्वनिमुद्रणच या लोकांना देऊन टाकलं! पुढच्या वर्षी तो चित्रपट सगळ्यांना फुकट. बघताना हात हलतात, मध्येच कुणाचं तरी डोकं येतं. मांडीखाली टेपरेकॉर्डर लपवणाऱ्या माझ्या वडिलांना हे बघायला मिळायला हवं होतं.

एवढं झाल्यावर मी घरात थोडीच बसणार! 'मला प्रत्यक्ष ऐकायचंय,' मी जाहीर केलं. बर्लिन परवडणारं नव्हतं, पण आमचा दाढीवाला स्वतः एका बँडमध्ये ड्रम वाजवतो. चार जणांचा बँड, अल्बम नाही, बाणेरच्या बाजूला एका तळघरातल्या जागेत गिग. मी कॉटनची साडी नेसून, पर्समध्ये कापसाचे बोळे घेऊन गेले. दारावरच्या मुलानं मला विचारलं, 'काकू, कुणाला शोधताय?' मी म्हटलं, 'सम.'

बसायला खुर्ची नाही. एकही नाही! गाणं उभ्यानं ऐकायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. गुडघ्यांनी पहिल्या दहा मिनिटांत राजीनामा दिला. साठ-सत्तर माणसं, घामाचा आणि बिअरचा वास, तारांचं जंगल, आणि मग आवाज. कापूस काय कामाचा? तो आवाज कानांतून येतच नाही, तो तळव्यांतून येतो, बरगड्यांत घुमतो, दातांत उतरतो. डग्ग्यावर पहिल्यांदा तळवा घासून 'घें' काढला होता तेव्हा तो असाच दंडापर्यंत चढला होता, बरोबर पंचेचाळीस वर्षांपूर्वी. मी कापूस काढून टाकला. (दुसऱ्या दिवशी कान शिट्टी वाजवत होते. तरुणांनी माझं अनुकरण करू नये, आणि भाच्यानं मला आता रबराचे चांगले बोळे आणून दिलेत.)

दाढीवाला घरी पोह्यांत लिंबू मागतो तो हा मुलगा नव्हेच. मानेची शीर ताठ, डोळे मिटलेले. सातचा ठेका होता, मी तिसऱ्या आवर्तनात पकडला आणि बरोबर समेवर माझ्या तोंडून 'क्या बात है!' निघून गेलं. मोठ्यांदा. पुढच्या चार पोरांनी वळून बघितलं. त्यानं डोळे उघडले, मला पाहिलं आणि पुढच्या समेआधी मुद्दाम अर्धी मात्रा रोखून धरली. माझ्यासाठी! त्या तळघरात ते आम्हा दोघांनाच कळलं.

शेवटाकडं गायक म्हणाला, एक नवीन आहे, नाव ठरलेलं नाही, शब्दही अजून कच्चे आहेत. गाणं मराठीत होतं. पहिल्या कडव्यात काही विशेष नाही, पाऊसबिऊस. पण दुसऱ्या कडव्यात एक बंद पडलेली पिठाची गिरणी होती, आणि तिचा पट्टा वाऱ्यानं हलतो, आणि त्या जागी गिटार नुसती एका तारेवर घसटत राहते. माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. मी फोन काढला, ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि फोन पदराखाली धरला. का लपवला देव जाणे. लपवायचं काही कारणच नव्हतं, तोवर आजूबाजूला सगळे उघड उघड हात वर करून टिपत होते. पण त्या गाण्याच्या वेळी नेमके सगळे बाहेर हवा खायला गेलेले, हे मी नंतर पाहिलं.

परवाच्या शनिवारी दाढीवाला सांगत होता, मुंबईच्या गिगला ते गाणं पुन्हा केलं, आता छान बसलंय. नावही मिळालंय. दुसरं कडवं काढून टाकलं, लांबत होतं.

'गिरणी?' मी विचारलं.

'हो, ते. कुणाकडं रेकॉर्डिंगही नाहीये त्याचं. बरंच झालं.'

भाचा माझ्याकडं बघायला लागला. त्यानं मला त्या रात्री पदर सावरताना पाहिलं होतं. सगळे गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, 'मावशी, पाठव ना ते मला.'

मी दूध उतरवलं. वेळेवर. मग चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, 'बदल्यात काय देतोस?'